कबुलीजबाबातील सैतान

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंगळुरातील कित्येक घरांच्या दारांवर खडूने किंवा कोळशाने लिहिलेले दोन कन्नड शब्द दिसत : 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. रात्री एक भूत गल्लीबोळांतून हिंडते, घरातल्या माणसांना ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा घात होतो, अशी वदंता होती. दारावरचा निरोप वाचून ते मुकाट्याने परत जाते आणि दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तोच निरोप वाचते, असा लोकांचा विश्वास होता. मी त्या काळी या शहरात अध्यापन करीत होते. या भुताला अक्षरओळख आहे, आणि शिवाय ते दिलेल्या शब्दाला जागते, याचे मला मोठे कौतुक वाटे. मात्र त्याने कोणाकडून करार लिहून घेतला, कोणाचा आत्मा गहाण ठेवून घेतला, असे कधी कोणी सांगितले नाही. आपल्याकडची भुते माणसाला झपाटतात, धरतात, लागतात. ती माणसाशी करार करीत नाहीत.

युरोपातील सैतान मात्र करार करतो. साधारणतः १४५० ते १७५० या तीन शतकांत त्या खंडात चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसांना देहान्त शासन झाले, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या खटल्यांचे जे कागद उरले आहेत त्यांतील कबुलीजबाब एकापाठोपाठ एक वाचू लागले की एक चमत्कारिक अनुभव येतो. देश वेगळा, भाषा वेगळी, माणूस वेगळा; गोष्ट मात्र एकच. आरोपी दुःखात किंवा दारिद्र्यात असताना एक अनोळखी पुरुष (क्वचित स्त्री) भेटतो. तो धन किंवा आधार देऊ करतो. आरोपी देवाचा त्याग करतो, नवे नाव घेतो, अंगावर खूण करवून घेतो, रात्री हवेतून मेळाव्याला जातो, आणि तेथे आणखी कोण कोण होते त्यांची नावे सांगतो. तत्कालीन धर्मपंडितांना हे साम्यच निर्णायक वाटे. इतकी माणसे, एकमेकांना न भेटता, तेच सांगतात त्या अर्थी ते खरेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

साहित्याच्या अभ्यासकाला या युक्तिवादातील दोष चटकन जाणवतो. शेकडो रचनांमध्ये एकच कथानक, त्याच क्रमाने आणि त्याच पात्रांसह आढळले, तर आपण त्या कथेचा उगम घटनेत न शोधता परंपरेत शोधतो. कबुलीजबाब हाही एक वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याचा कर्ता एकटा नसतो. प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा, उतरवून घेणारा कारकून आणि भिंतीशी उभा असलेला यातनाकर्मी, असे निदान चौघे मिळून तो सिद्ध करतात. आरोपीचा आवाज कारकुनाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचतो. प्रश्न पुष्कळदा लिहिलेलेच नसतात. उत्तरे तेवढी सलग निवेदनासारखी मांडलेली असतात. मग वाचणाऱ्याला वाटते की बोलणारा आपण होऊन बोलतो आहे.

हा पडदा एका ठिकाणी दूर झाला आहे. जर्मनीतील बाम्बेर्ग शहराचा नगराध्यक्ष योहान्नेस युनियुस याच्यावर १६२८ साली चेटकाचा खटला झाला. त्याची पत्नी त्याआधीच अशा आरोपाखाली मारली गेली होती. त्याचा अधिकृत कबुलीजबाब उपलब्ध आहे. त्यात बागेत भेटलेली स्त्री आहे, तिचे बोकडात झालेले रूपांतर आहे, देवाचा त्याग आहे, नवे नाव आहे. आणि सुदैवाने, त्याच वर्षी २४ जुलैला त्याने कोठडीतून आपल्या वेरोनिका नावाच्या मुलीला लिहिलेले पत्रही उपलब्ध आहे. बोटे चाप लावून चिरडली गेल्यामुळे कष्टाने लिहिलेल्या त्या पत्रात तो ही कबुली कशी तयार झाली ते सांगतो. हात मागे बांधून त्याला आठ वेळा वर ओढले आणि खाली सोडले. शेवटी यातना देणाऱ्यानेच कळवळून सांगितले की, काहीतरी रचून सांग, नाहीतर हे संपणार नाही. युनियुसने विचार करण्यासाठी मुदत मागून घेतली आणि गोष्ट रचली. तेवढ्याने भागले नाही. मेळाव्यातली माणसे कोण, हे विचारण्यासाठी त्याला शहरातल्या एकेका रस्त्याचे नाव घेऊन प्रश्न केले गेले : या रस्त्यावर कोण, त्या रस्त्यावर कोण? पुढे दुष्कृत्ये हवी होती. सैतानाने मुलांना मारायला सांगितले, पण आपण त्यांच्याऐवजी घोडा मारला, असे त्याने सांगितले. तेही पुरले नाही, तेव्हा पवित्र प्रसाद मातीत पुरल्याची भर घातली, आणि मग त्याला सोडले.

त्या घोड्याशी मी नेहमी थबकते. रचलेल्या गोष्टीतसुद्धा या बापाला मुलांच्या अंगाला हात लावणे जमले नाही. संपूर्ण कबुलीजबाबात त्याचे स्वतःचे असे काही असेल तर ते एवढेच. बाकी सारे, सैतानासकट, त्याच्या हाती आयते आले होते. ते त्याने निमूटपणे स्वीकारले. पत्र लिहिल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याचा अंत झाला.

मग प्रश्न असा की सैतान नेमका कोणाकडून आला? १४८६ च्या सुमारास हाइन्रिख क्रामर या धर्मन्यायाधीशाचा चेटक्यांवरील कुप्रसिद्ध ग्रंथ छापला गेला, तो एक उगम. १५३२ च्या जर्मन साम्राज्याच्या दंडसंहितेने कबुलीला पुराव्यात मोठे स्थान दिले, हा दुसरा. आरोपीच्या तोंडात उत्तर घालणारे प्रश्न विचारू नयेत, असा सावधगिरीचा नियम त्याच संहितेत होता; तो पाळला मात्र फारसा गेला नाही. परंतु या कारणांखाली आणखी एक खोल कारण आहे. चेटूक करून कोणाची गाय आटवली, एवढा गुन्हा विद्वानांना पुरेसा नव्हता. त्यांच्या लेखी खरा गुन्हा राजद्रोहासारखा होता : ईश्वराची निष्ठा सोडून त्याच्या शत्रूच्या चाकरीत जाणे. आता द्रोह सिद्ध व्हायचा तर संमती सिद्ध झाली पाहिजे, आणि संमती ही मनातली गोष्ट. तिचा साक्षीदार आरोपीवाचून दुसरा कोण असणार? म्हणून कबुली अटळ ठरली, आणि कबुलीत करार करणारा दुसरा पक्षही अटळ ठरला. गावकऱ्यांच्या फिर्यादीत बहुधा आटलेली गाय आणि आजारी मूल असे. सैतान तिच्यात प्रवेश करतो तो चौकशीच्या दालनात.

हे ओळखणारा एक माणूस त्या न्यायसभेतच निघाला, ही इतिहासातील दिलासा देणारी गोष्ट आहे. स्पेनमधील लोग्रोन्यो येथे नोव्हेंबर १६१० मध्ये सहा जणांना चेटकाबद्दल जिवंत जाळण्यात आले. आणखी पाच जण आधीच मरण पावले होते, त्यांच्या प्रतिमा जाळल्या. तेथील तीन न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालाझार फ्रियास याच्या मनात संशय होता. पुढील वर्षी तो क्षमेचे फर्मान घेऊन डोंगराळ बास्क मुलखात फिरला. १,८०२ माणसे कबुली द्यायला आली, आणि त्यांत १,३८४ लहान मुले होती. सालाझारने एक साधी गोष्ट केली. त्याने कबुलीतल्या प्रत्येक तपशिलाची शहानिशा केली. ज्या रात्री अमुक मैदानात मेळावा भरला असे मुले सांगत, त्या रात्री त्याचे कारकून तेथेच होते, आणि त्यांना काहीही दिसले नव्हते. जादूची मलमे जनावरांना चारून पाहिली. काहीही झाले नाही. जोवर या विषयावर कोणी बोलत नव्हते आणि लिहीत नव्हते तोवर त्या मुलखात चेटकीही नव्हत्या आणि झपाटलेलेही नव्हते, असा त्याच्या अहवालाचा आशय होता. १६१४ मध्ये वरिष्ठ न्यायसभेने त्याचे म्हणणे बव्हंशी मान्य केले. सैतान शब्दांतून पसरतो, हे एका धर्मन्यायाधीशाने चारशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले.

प्रश्नाच्या बळाने माणसाची स्वतःची श्रद्धाच कशी पालटते, याचे उदाहरण इटलीच्या फ्रिउली प्रांतात सापडते. कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकाराने १९६६ साली ते प्रथम प्रकाशात आणले. तेथील काही शेतकरी स्वतःला 'बेनान्दान्ती' म्हणजे 'भले चालणारे' म्हणवीत. वर्षातून चार वेळा, उपवासाच्या दिवसांत, रात्री आपला आत्मा देहातून निघतो आणि हाती बडीशेपेचे दांडे घेऊन चेटक्यांशी लढतो. चेटक्यांच्या हाती ज्वारीची ताटे असतात. आपण जिंकलो तर त्या साली पीक चांगले येते, असे ते सांगत. १५७५ पासून धर्मन्यायसभेने त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याला एक देवदूत बोलावतो, असे एकाने सांगितले. न्यायाधीशाला ते पटणे शक्य नव्हते. तो देवदूत सैतान तर नव्हता? त्याने तुला नमस्कार करायला लावले नाही ना? असे प्रश्न दोन पिढ्या चालू राहिले. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच मुलखातले बेनान्दान्ती, आपण सैतानाच्या मेळाव्याला जातो, असे कबूल करू लागले. शेताचा राखणदार चौकशीतून बाहेर पडला तेव्हा सैतानाचा चाकर झाला होता.

हा प्रसंग मराठी वाचकाला दूरचा वाटू नये, कारण त्याची एक आवृत्ती आपल्या दारात घडली आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेवर देवचार असतो. तो राखणदार. हातात काठी घेऊन रात्री गावाभोवती फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा, मान दिला नाही तर रागावणारा. त्याला नारळ द्यावा, कोंबडा द्यावा, विडी ठेवावी, आणि गाऱ्हाण्यात 'महाराजा' म्हणून हाक मारावी, ही रीत. तो देव नव्हे, पण देवाच्या पंक्तीत कोठेतरी खाली बसणारा खराच. आता गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत हाच शब्द पाहा. तेथे 'देवचार' म्हणजे सैतान. भाषा एक, मुलूख एक, कदाचित कुळी एक. पण एका घरात जो राखणदार, तोच शेजारच्या घरात ईश्वराचा शत्रू. पाद्र्यांना ख्रिस्ती शिकवण लोकभाषेत आणायची होती, सैतानाला शब्द हवा होता, आणि लोकांच्या जवळ जे होते त्यातून त्यांनी तो निवडला.

भाषांतराची ही निवड केवळ कोशापुरती राहिली नाही. गोव्याची धर्मन्यायसभा १५६० साली स्थापन झाली. १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडला तर ती १८१२ पर्यंत चालली. जुवांव देल्गादु फिगैरा याने १६२३ पर्यंतच्या ३,८०० खटल्यांची सूची केली होती. ती आज उपलब्ध आहे. पुष्कळ खटले धर्मांतरितांनी जुने आचार चालू ठेवल्याचे होते. १७३६ च्या एप्रिलमधील फर्मानाने तर एकादशीचा उपवास आणि दारची तुळसही निषिद्ध ठरवली. जादूटोण्याच्या बाबतीत धर्मशास्त्र्यांची एक उपपत्ती होती : सैतानाशी करार व्यक्त असू शकतो, तसा अव्यक्तही. ज्या माणसाने सैतानाचे नावही ऐकलेले नाही त्याने विधी केला तरी त्यात करार गर्भित आहे, असे मानता येई. गुरे आजारी पडली म्हणून सीमेवर नारळ ठेवणारा बाटलेला कुणबी या तर्काने करारनाम्याचा पक्षकार ठरू शकत होता. त्याची सही त्याच्या नकळत झालेली होती.

या न्यायसभेच्या कोठडीत राहिलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों याने १६८७ साली आपली हकीकत प्रसिद्ध केली. प्रा. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ च्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे ती आपल्याकडील अभ्यासकांच्या परिचयाची झाली. आरोपीला आरोप सांगितला जात नसे. आपण काय केले ते त्यानेच ओळखून कबूल करायचे, आणि आपल्याविरुद्ध साक्ष कोणी दिली असेल तेही त्यानेच तर्काने सांगायचे. त्यामुळे सुटका व्हावी म्हणून माणसे ज्यांचा काही संबंध नाही अशांची नावे घेत. जानेवारी १६७६ मध्ये झालेल्या निकालाच्या जाहीर समारंभात त्याने कागदाच्या उंच टोप्या पाहिल्या. त्यांवर सैतान आणि ज्वाळा रंगवलेल्या होत्या, आणि आरोपीचा गुन्हा म्हणून पोर्तुगीजमध्ये 'जादूगार' असे लिहिले होते. सैतान त्या लोकांच्या डोक्यात होता की नाही, हे कधीच सिद्ध झाले नाही. तो त्यांच्या डोक्यावर ठेवण्यात आला, हे मात्र देलोंने डोळ्यांनी पाहिले. न्यायसभा उठल्यानंतर तिचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. आपल्यापाशी सूचीतली नावे उरली. त्या नावांचा आवाज उरला नाही.

मराठ्यांच्या मुलखात काय होते? येथे आत्मगौरवाचा मोह टाळला पाहिजे. कोकणात भुताळ्यांची आणि चेटकाची भीती होती, तशा तक्रारी सरकारदरबारी जात आणि दंडही होत. फरक होता तो न्यायाच्या रीतीत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथात जी सामग्री मांडली आहे, ती पाहिली की वादी-प्रतिवादींचे करीने, साक्षी, गोताचा महजर आणि, कशानेच निर्णय होईना तर, दिव्य अशी परंपरा दिसते. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, आणि तिसऱ्या दिवशी तो पाहायचा. दिव्य क्रूर होते यात शंका नाही. परंतु दिव्याला कथा लागत नाही. हात भाजला की नाही, एवढाच प्रश्न. मनातली संमती, करार, नवे नाव, मेळावा यांना तेथे जागा नव्हती. शिवाय आपल्याकडे चेटूक ही विद्या मानली गेली : गुरूकडून मिळणारी, अवसेला साधणारी, मंत्राच्या उच्चारावर चालणारी. म्हणूनच संशयिताचे दात पाडण्याचा अमानुष प्रकार लोकव्यवहारात आढळतो. उच्चार बिघडला की मंत्र निकामी. नळाच्या शरीरात शिरणारा कली घ्या. नळाने त्याच्याशी करार केलेला नाही. पाय धुण्यात राहिलेल्या उणिवेतून तो आत गेला. फारसी-अरबीतून आलेला 'सैतान' हा शब्द तर मराठी घरात द्वाड पोराला हाक मारण्याइतका सौम्य झाला.

म्हणून आपण निर्दोष ठरतो का? मला तसे म्हणता येत नाही, कारण मी एक कबुली प्रत्यक्ष पाहिली आहे.

मी सात-आठ वर्षांची असेन. दक्षिण कोकणातल्या आमच्या वाडीत एका घरची नवी सून आजारी होती. रात्री घाडी आला, माणसे जमली. आजीबरोबर मीही गेले होते. कंदील माझ्या हातात होता. घाडी त्या मुलीला विचारीत होता, 'तू कोण? तुला कोणी धाडलं?' ती गप्प. केस धरून त्याने पुन्हा विचारले. ती गप्पच. मग जमलेल्यांतून एक नाव आले, त्याने ते तिला विचारले, मग दुसरे, मग तिसरे. तिसऱ्या नावावर तिची मान हलली. ते वाडीच्या टोकाला एकटी राहणाऱ्या एका विधवेचे नाव होते. तिला कोणी मारले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातचे ताक कोणी घेईना, तिची सावली मुलांवर पडू देईनात. पावसाळ्यापूर्वी ती गाव सोडून गेली. ते तिसरे नाव माझ्या आजीने सुचवले होते. तिच्या वाईट हेतूने नव्हे; तिला ते खरेच वाटत होते. तिच्या नि त्या बाईच्या परसात एका फणसावरून जुना वाद होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या रात्री सैतान नव्हता, करार नव्हता, देवद्रोह नव्हता. तरीही बाम्बेर्गमध्ये जे होते ते सारे होते : प्रश्न, यातना, गप्प राहिलेले तोंड आणि प्रश्नकर्त्याच्या बाजूने आलेले उत्तर. कबुली जिवंत आरोपीऐवजी भुताने दिली, एवढाच भेद. भुताची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून ती अधिकच निर्वेध ठरली.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा प्रथम अध्यादेशाने आणि मग विधिमंडळात संमत होऊन आला. कर्नाटकानेही २०१७ साली तसा कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्याची अनुसूची साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी वाचावी. भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे हे तेथे गुन्हे आहेत. करणी करतो असे सांगून कोणाचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. आणि एखाद्या व्यक्तीला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे, हाही गुन्हा आहे. युनियुसला ज्या रीतीने टांगले ती रीत आणि त्याच्याकडून जो शब्द वदवला तो शब्द, दोन्ही या यादीत एकत्र आली आहेत.

यातनेपासून अक्षराला वाचवणारी आणखी एक तरतूद आपल्या कायद्यात जुनी आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, आणि २०२३ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या कायद्यातही ते कायम आहे. पुष्कळांना ही तरतूद गुन्हेगाराला पळवाट देणारी वाटते. मला तीत सालाझारचा शहाणपणा दिसतो. एखाद्या कबुलीत सैतान, शत्रू किंवा द्रोही असे कोणीही भेटले, तरी 'हे खरे आहे काय' याच्या आधी 'हा शब्द प्रथम कोणी उच्चारला' असे विचारले पाहिजे. आमच्या वाडीत त्या रात्री हे कोणी विचारले नाही. कंदील धरून उभ्या असलेल्या मुलीला तो शब्द कोणी उच्चारला ते ऐकू आले होते. पण तिला कोणी विचारले नाही, आणि तीही बोलली नाही.